पेटी उघडणारा

गेल्या आठवड्यात आमच्या घरी विलायतेहून शिवणाचं यंत्र आलं. मुलाने मुंबईहून पेटी आगगाडीने ठाण्याला आणवली, ओसरीवर ठेवली आणि कुऱ्हाड घेऊन सरळ झाकणावर घाव घालायला लागला. मी आतून ओरडलो, "अरे गाढवा, थांब! आधी झाकणाकडे बघ तरी. कुठून उघडायचं ते पेटी सांगते."

मुलगा म्हणाला, "अप्पा, ही पेटी काही सांगत नाही. नुसता कारखान्याचा छाप आहे."

जवळ जाऊन बघितलं तर खरंच काही नव्हतं. चारही बाजूंना सारखे खिळे, आणि फोडून बघितली तर आत चिंध्या आणि चुरगळलेले कागद. ज्या कुणी ती बांधली त्याने बंद करण्यापुरता विचार केला होता. पुढे ती कुणाला तरी उघडायची आहे हे त्याच्या गावीच नव्हतं. मला असा काही संताप आला म्हणता! सूनबाई दोनदा जेवायला हाक मारून गेली तरी मी ओसरीवरून हललो नाही. यंत्र शाबूत होतं, मुलगा खूश होता, आणि हा म्हातारा का पेटलाय ते कुणाला कळेना. त्यांना कुठून कळणार? त्यांनी पास्कू मेस्त्री पाहिलेलेच नाहीत.

आमचा कारखाना ठाण्याजवळ कोपरीला, अगदी खाडीच्या काठावर होता. उसाचे चरक आणि तेलाचे लोखंडी घाणे आम्ही ओतून तयार करायचो. सगळ्या देशाला विलायतेहून यंत्रं येण्याचे ते दिवस, आणि आमची यंत्रं मात्र उलटी समुद्रापार निघायची. मालक दाजीशेठ येईल त्या पाहुण्याला हे दोनदा ऐकवायचे. माल कोपरीच्या धक्क्यावर मचव्यात चढायचा, खाडीतून मुंबईला जायचा, तिथे यारीने उचलून आगबोटीवर ठेवायचे, आणि मग तो मोरस बेटावर म्हणजे मॉरिशसला, एडनला, आफ्रिकेच्या किनाऱ्याला जंगबारपर्यंत जायचा. ज्या मोरसची साखर आमच्या बाजारात मिळायची, तिथला ऊस आमच्या ठाण्याचा चरक पिळत होता. मी तिथे पत्रव्यवहाराचा कारकून होतो. आलेली पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची, आणि कुठला माल कुठे जायचा ते त्या त्या माणसाला जाऊन सांगायचं, एवढं माझं काम.

यंत्र तयार झालं की ते जायचं पेटीखान्यात. कौलारू लांबट पडवी होती ती. एका बाजूला आंब्याच्या फळ्यांची थप्पी, दुसऱ्या बाजूला कळव्याहून आलेला भाताचा पेंढा, मधे तीन दगडांच्या चुलीवर चरबीची कढई, आणि त्या सगळ्याच्या मधोमध पास्कू मेस्त्री.

मेस्त्री कोपरीचेच, ख्रिस्ती. पोर्तुगीजांच्या अमदानीत बाटलेल्या घराण्यातले. रविवारी सकाळी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, आणि बाकीचे सहा दिवस पेटीखान्यात. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. अंगाने काटकुळे, डोक्याला तांबडा रुमाल, आणि तोंडात कायम खिळे. बोलायचे ते खिळ्यांच्या फटीतून. नवख्याला वाटायचं, हा माणूस रागावलाय. बरं, खिळे तोंडात धरण्याची गरज होती असंही नाही, कमरेला पिशवी होती की. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तोंडात खिलं असलं म्हंजे मानूस उगा बडबडत नाय, अप्पा. तुमी पन ठेवून बघा."

असा फटका ते सहज मारायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

खिळा ठोकायची त्यांची रीत ठरलेली. दोन ठोके, बस्स. "पयला ठोका लाकडाला इचाराचा, दुसरा सांगाचा. तिसरा लागला तं सुतार खोटा." कुणी तिसरा ठोका मारलेला ऐकू आला तर पडवीच्या दुसऱ्या टोकाहून त्यांचं "हं!" यायचं. त्या एका हुंकाराला भलेभले सुतार टरकून असत.

पण मेस्त्रींची खरी गंमत होती त्यांचा 'तो'.

पहिले काही महिने मला वाटत होतं, मेस्त्री देवाबद्दल बोलताहेत. "त्याला हे आवडायचं नाय." "त्याचा हात पयला हितं येनार." "त्याला उनात बसून उघडावी लागली तं?" एकदा मी न राहवून विचारलं, "मेस्त्री, हा तो कोण?"

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की जणू मीच खुळा आहे. "कोन म्हंजे? पेटी उघडनारा!"

समुद्रापलीकडे कुठेतरी एक माणूस ही पेटी उघडणार. तो काळा की गोरा, हिंदू की मुसलमान, कुठली भाषा बोलतो, काही ठाऊक नाही. पण मेस्त्री दिवसभर त्याच्याच संगतीत असायचे. सगळ्यात शेवटी बसवायचा भाग ते पेटीत सगळ्यात खाली ठेवायचे, कारण 'त्याच्या' हाती पहिल्यांदा यायला हवा तो पाया. मेस्त्रींना अक्षर येत नव्हतं आणि 'त्याला' येत असेलच असं नाही, म्हणून यंत्राच्या भागांवर ते डांबराने चित्रं काढायचे. जे दोन भाग एकमेकांना जोडायचे, त्यांच्यातल्या एकावर माशाचं मुंडकं आणि दुसऱ्यावर शेपूट. भाग नीट बसले की मासा पुरा व्हायचा. एका चरकात असे वीस-बावीस मासे असायचे आणि एकाचं मुंडकं दुसऱ्याच्या शेपटीला लागणार नाही असा प्रत्येकाचा घाट निराळा.

आणि झाकणावर, जिथून पहार घालायची त्या जागी, ते स्वतःचा पंजा डांबरात बुडवून उमटवायचे. इथे हात ठेव, इथून उघड. दर पेटीवर एक काळा पंजा. त्यामुळे मेस्त्रींचा हात बारा महिने काळाच असायचा. रविवारी देवळातसुद्धा तसाच. पाद्रीबाबा कुरकुरले तेव्हा म्हणाले, "देवाला ठावं हाय कशाचा हाय तो."

एक गोष्ट सांगतो. नव्या मापाची पेटी केली की मेस्त्री तिची परीक्षा घ्यायचे. आत कळीच्या चुन्याचे खडे ठेवायचे, पेटी बंद करायची, दोराने धक्क्याच्या खांबाला बांधायची आणि ओहोटीला चिखलात ठेवून द्यायची. भरती आली की पेटी बुडायची. पाणी आत शिरलं तर चुना उकळणार, नाहीतर नाही. एकदा मी पत्रं घेऊन निघालो होतो तर धक्क्यावर हा आरडाओरडा! बायका पोरांना ओढत घराकडे पळताहेत, कुणी म्हणतंय खाडीत भूत आलं, कुणी म्हणतंय आगबोट बुडाली. बघतो तर मेस्त्रींच्या पेटीतून भसाभसा वाफ निघतेय आणि आजूबाजूचं पाणी खदखदतंय. आता एखादा शरमला असता, सगळ्या गावासमोर फजिती झाली म्हणून. मेस्त्री गुडघाभर पाण्यात उभे राहून टाळ्या वाजवत होते. "बोलली! बोलली गं बाय माजी!"

पेटी फोडली तर एका फळीतली गाठ निसटून करंगळी जाईल एवढं भोक. मी म्हटलं, "मेस्त्री, एवढा आनंद कसला? पेटी खराब निघाली की!"

तोंडातले खिळे काढून हातात घेऊन ते म्हणाले, "हितं कललं ना? तिथं कललं असतं तं त्या बिचाऱ्यानं काय क्येलं असतं?" खिळे काढून बोलले म्हणजे गोष्ट मनापासूनची, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांची एकच इच्छा होती. आपली एक तरी पेटी उघडताना बघायची. किती पेट्या गेल्या असतील त्यांच्या हातून, पण झाकण लागल्यानंतर पुढचं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एकदा मोरसहून पत्र आलं. तिथल्या मळ्यावर आपल्या मुलखातून गेलेला एक मुनशी होता, त्याने मराठीत लिहिलं होतं, की चरक पोचला, आमच्या माणसांनी काळ्या पंजावर हात ठेवून झाकण उघडलं, वाचायला एक अक्षर लागलं नाही, मासे जुळवता जुळवता सगळे हसत होते आणि दुपारपर्यंत चरक उभा राहिला.

मी पत्र घेऊन पेटीखान्याच्या उंबऱ्यावर उभा राहिलो आणि वाचून दाखवलं. मेस्त्रींनी तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "पंजावर हात ठेवला? असं लिवलंय?"

"असंच लिहिलंय."

"कोनता हात? उजवा का डावा?"

"मेस्त्री, आता ते कसं लिहितील?"

त्यांनी हातात नसलेली पहार धरून, वाकून बघितलं. मग स्वतःशीच म्हणाले, "डावा आसंल. उजव्यात पहार आसनार." आणि त्या दिवसापासून पेट्यांवर त्यांचा उजव्याऐवजी डावा पंजा उमटायला लागला. माणसाचा हात नीट बसायला हवा म्हणून.

आता माझं सांगतो. सांगायला जड जातंय, पण त्याशिवाय ही गोष्ट पुरी व्हायची नाही.

मी उंबऱ्यावर उभा राहिलो असं म्हटलं ना, ते उगाच नाही. इतक्या वर्षांत मी पेटीखान्याचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. कारण ती चरबी. खाऱ्या हवेने लोखंड खाल्लं जातं, म्हणून यंत्राचे घासलेले भाग मेस्त्री वितळलेल्या चरबीने माखायचे. ती चरबी कुठल्या जनावराची, ते मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही. उपरण्याचं टोक नाकाला लावायचं, उंबऱ्यावरून काय ते सांगायचं आणि मागे फिरायचं. त्यातूनही संध्याकाळी घरी गेलो की बायको विहिरीपाशी पाणी काढून ठेवायची. आंघोळ केल्याशिवाय मी घरात पाऊल टाकत नव्हतो. मेस्त्रींवर माझा जीव होता हो, खोटं नाही सांगत. पण हात लावायची वेळ आली तर चार पावलं मागे. आमच्यात हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्यात काही वावगं आहे असं मनातसुद्धा येत नसे.

अशात जंगबारच्या एका भाटिया शेठचं पत्र आलं. खोबऱ्याचं तेल काढायला लोखंडी घाणा पाहिजे. आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं, की हे तेल आमच्या ठाकुरजींच्या दिव्याला लागायचं आहे, तरी यंत्राला कुठल्याही जनावराचा अंश लागू देऊ नये. मी वाचलं. दाजीशेठना वाचून दाखवलं. शेठ म्हणाले, "मेस्त्रीला नीट समजावून सांग."

मी निघालो. श्रावण चालू होता, त्या दिवशी घरी सत्यनारायण होता आणि मला लवकर पोचायचं होतं. पेटीखान्यात नेमकी कढई चढलेली, आणि दमट हवेत तो वास असा भरून राहिलेला की माझे पाय अंगणातच थबकले. मी उंबऱ्यापर्यंतसुद्धा गेलो नाही. लांबूनच ओरडलो, "जंगबार! तेलाचा घाणा! सहा पेट्या!" आतून काळा पंजा हलला, ऐकलं म्हणून. बाकीचं उद्या सांगू, असं म्हणून मी घरी पळालो.

उद्या दुसरं काम निघालं, परवा तिसरं. मग ते डोक्यातून पार गेलं. दसऱ्यानंतर सहा पेट्या मचव्यात चढल्या तेव्हा मी धक्क्यावर उभा होतो, तरी मला आठवलं नाही. उलट मेस्त्री म्हणत होते, "अप्पा, या बारीला डबल हात दिलाय चरबीचा. लांबचा पल्ला हाय. त्याला यंतर आरशावानी मिलनार." आणि मी हसून मान डोलावली. डोलावली हो!

मार्गशीर्षात जंगबारचं पत्र आलं. पहिलीच पेटी उघडली, वास आला, माणसं मागे सरकली. यंत्राला हात लावायला कुणी तयार नाही. बाकीच्या पाच पेट्या तशाच बंद, किनाऱ्यावर वाळूत पडून आहेत. यंत्र परत न्या, नाहीतर ज्याने हे माखलं त्याला पाठवून साफ करून द्या.

ते पत्र मेस्त्रींना वाचून दाखवणं भागच होतं. मी गेलो आणि वाचलं. 'माणसं मागे सरकली' या ओळीशी मेस्त्रींनी तोंडातला एकेक खिळा काढून फळीवर ठेवला. मग म्हणाले, "त्यानं हात ठेवला आसंल ना पंजावर? आधी ठेवला आसंल. मंग झाकन उघडलं, आनि मंग..."

मग त्यांनी विचारलं, "अप्पा, पयल्या पत्रात असं काय लिवलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. एका शब्दाचं खोटं. नोकरी जाईल म्हणून बोललो, की लाजेने बोललो, मला अजून सांगता येत नाही. शेठना वाटलं होतं मी सांगितलं आणि मेस्त्री विसरले. मेस्त्रींना वाटलं लिहिलंच नव्हतं. मधला सगळा अंधार माझा होता.

दोन दिवस पेटीखान्यातून हातोडा वाजला नाही. शेठनी कारखान्यात विचारून पाहिलं, जंगबारला जाऊन यंत्र साफ करून उभं करून कोण देईल? समुद्र ओलांडायला कुणी राजी होईना. लोहाराची जात वाळीत टाकेल, ओतकाम करणाऱ्याच्या आईने अन्न सोडलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही पुढे झालो नाही. तिसऱ्या दिवशी मेस्त्री शेठच्या खोलीत आले. मी कोपऱ्यात लिहीत बसलो होतो.

"शेठ, मी जातू."

शेठ म्हणाले, "अहो, साठीला टेकलात तुम्ही. बोटीवरचं खाणं, हवा..."

"माझी चूक हाय. मी इचाराला पायजे व्हतं, कोन उघडनार म्हनून. रोज इचारतू, ह्याच बारीला नाय इचारलं." आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

महिनाभर ते तयारी करत होते. चरबीच्या जागी काय लावायचं, त्याचा शोध चालला होता. खोबरेल, मध काढल्यावर उरतं ते मेण, आणि थोडी राळ. कढई बाहेर टाकून नवी आणली. लोखंडाचे तुकडे त्या मलमाने माखून खाडीत बुडवून ठेवायचे, रोज काढून बघायचे. एक तुकडा पंधरा दिवसांनी लख्ख बाहेर आला तेव्हा मला लांबूनच दाखवला. मग एक शेवटची पेटी बांधली. तिच्यात रिठे, राख, काथ्याचे जुडगे आणि मलमाचे चार डबे. झाकणावर डावा पंजा.

तिकडे काय झालं ते भाटिया शेठच्या पुढच्या पत्रावरून कळलं. मेस्त्री उतरले त्या दिवसापासून वाळूत बसून एकेक पेटी स्वतः उघडत होते. प्रत्येक भाग गरम पाणी, राख आणि रिठ्याने घासायचा, उन्हात वाळवायचा, पुन्हा घासायचा. कुणाला मदतीला येऊ दिलं नाही. बारा-तेरा दिवसांनी मासे जुळवून घाणा उभा केला. मग भाटिया शेठने त्यावर पाणी शिंपडून घेतलं, आणि पहिल्या तेलाचा दिवा लागला. शास्त्र यावर काय म्हणतं ते मला विचारू नका. शेठने एक ओळ शेवटी लिहिली होती, की तुमचा म्हातारा पहिली बंद पेटी उघडताना आपल्याच पंजावर हात ठेवून खूप वेळ हसत बसला होता, आम्हाला कारण कळलं नाही.

मला कळलं. ज्याची आयुष्यभर काळजी वाहिली, तो शेवटी ते स्वतःच निघाले होते.

परतीची बोट मिळायच्या आधी त्यांना ताप भरला. तिथल्या पाद्र्याने माती दिली. कोपरीच्या देवळात त्यांच्या नावाची प्रार्थना झाली तेव्हा मी बाहेर रस्त्यावर उभा होतो. आत जायचं धाडस झालं नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढे मेस्त्री येतात ते कोपरीच्या धक्क्यावरचे, निघायच्या सकाळचे. भरती पुरी चढलेली, मचवा डुलतोय, मचव्याचा धर्मा तांडेल घाई करतोय, "चला मेस्त्री, पाणी उतरायला लागंल!" मेस्त्रींच्या अंगात नवा सदरा, आणि तोंडात एकही खिळा नाही. त्यामुळे चेहरा ओळखू येईना, इतका मऊ दिसत होता. पेटी मचव्यात चढली. आणि मला राहवलं नाही.

"मेस्त्री, पहिल्या पत्रात सगळं लिहिलं होतं. दिव्याचं, जनावराच्या अंशाचं, सगळं. मी तुम्हाला सांगितलं नाही. आणि विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

"ठावं हाय मना."

"कसं?"

"तुमी पत्र वाचाला आलता ना, त्या दिवशी उंबरा वलांडून आत आलता, अप्पा. नाकाला उपरनं नव्हतं. कढई चुलीवर आनि तुमी तिच्या शेजारी उभं. तवाच म्हटलं, अप्पांचं कायतरी मोठं चुकलंय."

मला तर आठवतच नव्हतं की मी आत गेलो होतो.

"मग शेठना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पंजा माझा व्हता वर." ते धक्क्याच्या कडेशी आले आणि डावा हात माझ्याकडे केला. "धरा जरा. गुडघं ऐकत नाय, उतराचंय."

मी बघत राहिलो. काय करू, इतक्या वर्षांची सवय. हात जागचा हलेना. आणि मेस्त्री हसले, अगदी सहज, मनात काही न ठेवता.

"धरा वं. तीन दिस रिठ्यानं घासलाय. आंघोल नाय लागनार."

म्हणजे विहिरीवरच्या आंघोळीचंही त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. मी पाहिलं, तो काळा पंजा काळा नव्हता. डांबर गेलं होतं, चरबी गेली होती, घासून घासून कातडी लाल झाली होती आणि तळव्यावरच्या रेषा मी पहिल्यांदा बघत होतो. मी तो हात धरला, दोन्ही हातांनी धरला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. ते खाली उतरले, पेटीवर बसले, आणि मचवा निघाला.

त्यांनी हात जंगबारच्या लोकांसाठी धुतला असेल, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला समजावत राहिलो. पण जंगबारला पोचायला अजून वीस दिवस होते. तिथल्या माणसांसाठी ठाण्याहून हात धुऊन निघायची काही गरज नव्हती.